अवंतिकेची यंत्रणा

माझा मुलगा पुण्याहून आला की माझ्या टीव्हीवर एक नवीन मालिका लावून देऊन जातो आणि गेल्यावर रोज फोनवर विचारतो, "आई, कुठपर्यंत आलीस?" जशी काही मी यात्रेला निघाले आहे. यंदाची मालिका अंतराळातली आहे. पहिल्या भागात एका शास्त्रज्ञाला यानाच्या खिडकीतून काहीतरी दिसतं आणि त्याचं तोंड उघडं राहतं. काय दिसलं ते दुसऱ्या भागात सांगत नाहीत, तिसऱ्यात सांगत नाहीत, सहाव्यात त्या शास्त्रज्ञाच्या बायकोचं लहानपण दाखवतात. मी मुलाला म्हटलं, बाबा रे, त्या माणसाला काय दिसलं एवढं सांगून दे आणि मला मोकळं कर. तर म्हणतो, "असं नसतं आई, ते हळूहळू बिल्ड होतं. दर भागात नवी गोष्ट काढायची आणि संपवायची, ते आता बालिश वाटतं." बालिश म्हणे. ज्याला गोष्ट संपवता येत नाही त्याने ती लांबवायची, आणि ज्याला संपवता येते त्याला बालिश म्हणायचं, हा धंदा मला चांगला ठाऊक आहे. मी तो स्वतः केलेला आहे, अठरा आठवडे, तांदळाच्या डब्यात तोंड घालून.

आम्ही तेव्हा उज्जैनला, नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत राहत होतो. सकाळी साडेपाचपासून कंडक्टर लोक "इंदौर-इंदौर-इंदौर" असं एका श्वासात ओरडायचे आणि त्यात आईच्या कुकरच्या शिट्ट्या. आजोबा नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे आमच्या घरात बोलणं मराठी, भांडण हिंदी आणि जेवण दोन्हीकडचं. रविवारी आई दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे करायची, पण डाळीत चिंच-गूळ घालायचीच. शेजारच्या काकी ती चाखून दर वेळी "मीठी है" इतकंच म्हणायच्या. ते कौतुक होतं की तक्रार, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. माझे वडील, अण्णा, सरकारी शाळेत हिंदीतून विज्ञान शिकवायचे. त्यांना अर्धवट गोष्टींचा मनस्वी तिटकारा. आईच्या साप्ताहिकात क्रमशः कादंबरी यायची, तिला ते वर्षभर हात लावत नसत. सगळे अंक जमले की एका रविवारी बसून सलग वाचून काढत आणि म्हणत, "यात चाळीस पानं कादंबरी आहे. बाकी नुसतं वाट पाहणं आहे." आई म्हणायची, मला वाट पाहायला आवडतं. त्यावर अण्णा गप्प बसायचे, कारण आईशी वाद घालून तो संपत नसे आणि न संपणारं काही सुरू करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

अण्णांची एक वही होती, शाळेच्या हजेरीबुकासारखी लांबट. तिच्यात त्यांनी अंतराळातल्या सत्तावीस गोष्टी लिहिल्या होत्या, प्रत्येक नक्षत्राची एक. यानाचं नाव अवंतिका. दर गोष्टीत यान एका नव्या जागी जाणार, तिथे निसर्गाचा एखादा नियम आडवा येणार आणि कप्तान डोकं चालवून त्यातून वाट काढणार. बस. पुढच्या गोष्टीत मागचं काही नाही. "पोरगं मध्येच एक रविवार आजोळी गेलं तर त्याचं काही अडता कामा नये," असं ते म्हणायचे. वर्षानुवर्षं ती वही कपाटात होती आणि तिच्यातल्या सत्तावीसच्या सत्तावीस गोष्टी कोणीतरी पाहाव्यात एवढी एकच हौस त्या माणसाला होती. दुसरी कुठली हौस मी त्यांच्यात पाहिली नाही. चहासुद्धा ते मिळेल तसा प्यायचे.

त्याच सुमारास गावात केबल आली. आमच्या भागाची केबल टिल्लू भैयाकडे होती. फ्रीगंजमध्ये मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, दोन व्हीसीआर आणि तिथून निघून विजेच्या खांबांवरून, लोकांच्या गच्च्यांवरून, एका ठिकाणी तर चिंचेच्या झाडावरून घरोघर गेलेली काळी वायर. एवढ्या भांडवलावर हा इसम स्वतःला "चॅनेलवाला" म्हणवत होता. गळ्यात सोन्याची साखळी, केसांना तेल, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्याला रविवारी दुपारसाठी काहीतरी "अपना लोकल" पाहिजे होतं. अण्णा त्याचे जुने मास्तर. तो वही बघायला आला, चार पानं उलटली आणि म्हणाला, "मास्साब, सत्ताईस हफ्ते का माल है आपके पास." माल. अण्णांना त्या शब्दाचं काही वाटलं नाही, ते आतून शर्ट बदलून आले होते.

शूटिंग त्याच खोलीत. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, जयमालेच्या वेळी लावतात ते रंगीत दिवे आणि थर्मोकोलवर चिकटवलेले जुन्या रेडिओचे भाग, हे आमचं यान. कप्तान म्हणजे टिल्लूचा साला पिंकू. हे ध्यान पावसाळी कोट घालून घामाघूम व्हायचं आणि "गुरुत्वाकर्षण" हा शब्द तीन हप्त्यांत म्हणायचं. यानाचा आवाज मी. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आवाज मशीनसारखा घुमायला पाहिजे म्हणून अण्णांनी युक्ती काढली, तांदळाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलायचं. तर असल्या थाटात पहिल्या पाच गोष्टी गेल्या, अश्विनीपासून मृगापर्यंत. मी आज सांगते, त्या चांगल्या होत्या. एका ग्रहावर आवाज पोचत नाही म्हणून लोक एकमेकांच्या पाठीवर बोटांनी बोलतात. एका ग्रहावर भर दुपारी सावली नाहीशी होते आणि सावलीवर वेळ ओळखणारी माणसं घाबरून घरात बसतात. बावीस मिनिटांत प्रश्न यायचा आणि सुटायचा. सोमवारी शाळेत पोरं अण्णांना गाठून विचारायची की असं खरंच होऊ शकतं का. अण्णा घरी येऊन आईला ते सांगायचे आणि मग पुन्हा सांगायचे.

सहावी गोष्ट आर्द्रेची. यान एका ग्रहाच्या सावलीत अडकतं, सूर्य मिळत नाही, एकेक करून सगळं बंद पडतं. कप्तान बाहेरचा आरसा फिरवून एका चंद्रावरून उजेड घेतो आणि यान पुन्हा सुरू होतं. सुखाचा शेवट. यान म्हणजे मी, शेवटचं वाक्य म्हणते. अण्णांनी लिहिलं होतं, "कप्तान, मेरी सारी यंत्रणा फिर जाग उठी है." आता मराठी माणसाला यात काय खटकणार? सरकारी यंत्रणा, पोलीस यंत्रणा, तशी यानाची यंत्रणा. सगळी यंत्रणा पुन्हा जागी झाली, चला. पण हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. तीस वर्षं हिंदीतून उष्णता आणि प्रकाश शिकवणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं, याचं लोकांना नवल वाटेल. मला वाटत नाही. शब्द घरातला होता, आणि घरातल्या शब्दावर कोणी संशय घेत नाही. त्यातून आईने त्या आठवड्यात तांदळाला बोरिक पावडर लावून ठेवली होती आणि डबा मी रिकामा करून न पुसताच नेला. माझा घसा असा धरला की ते वाक्य मी अक्षरशः हुंदके देत म्हटलं. तर झालं असं की अण्णांचं यान दुरुस्त झालं आणि उज्जैनच्या लोकांनी ऐकलं की एक मुलगी अंधारात रडून सांगते आहे, माझ्या सगळ्या यातना पुन्हा जाग्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी टिल्लू भैया स्कूटर घेऊन दारात. "मास्साब, क्या लिख दिया आपने. सुबह से फोन बज रहा है. सब पूछ रहे हैं, अवंतिका को तकलीफ क्या है?"

"तकलीफ कैसी?" अण्णा म्हणाले. "आख़िर में सब ठीक तो हो गया."

"ठीक कहाँ हुआ? मेरी अम्मा की तो रोटी जल गई रोने में."

अण्णा आत गेले, हिंदी शब्दकोश घेऊन आले, चष्मा पुसला आणि तो शब्द काढून वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मी त्यांचा चेहरा पाहत होते. वर्गात पोरांसमोर चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून झालं की मास्तरांचा होतो तसा तो झाला होता. ते म्हणाले, "गलती हो गई. अगले रविवार शुरू में ही सुधार देंगे." टिल्लू हसला. म्हणाला की सुधारायचं कशाला, याच्यावर तर आता सगळं चालणार. तिला काय दुःख आहे ते सांगायचंच नाही. दर रविवारी थोडं दाखवायचं आणि खाली लिहायचं, क्रमशः. अण्णांनी मना केलं. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, नुसतं सांगून दिलं की जी गोष्ट एका चुकीतून निघाली तिला ते आपलं नाव लावणार नाहीत, आणि उरलेल्या एकवीस गोष्टी पाहिजे असतील तर त्या आहेत तशा घ्या. टिल्लूला त्या नको होत्या. त्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सोच लो मास्साब, पब्लिक क्या चाहती है." पब्लिक म्हणजे त्याची अम्मा आणि फोन करणारे रिकामटेकडे लोक.

आता माझं ऐका. दोन दिवसांनी टिल्लूने मला कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. म्हणाला, आवाज तर तुझा आहे ना, बेटा, मग लिहून पण तूच टाक. कॉलेजमधल्या पोरी मला तोवर अवंतिका म्हणायला लागल्या होत्या. ज्यांनी वर्षभर माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्या कँटीनमध्ये माझ्यासाठी जागा धरायच्या. मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. घरी सांगितलं की टिल्लूचा कोणी शायर दोस्त लिहितो आणि मी फक्त आवाज देते. आई अण्णांकडे बघायला लागली. अण्णा म्हणाले, "आवाज तिचा आहे. मी कोण मना करणारा?" त्यांना इतकं सरळ वागायची काही गरज नव्हती. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी काय लिहिलं ते सांगायला आज माझी मलाच किळस येते. अवंतिकेला अंतराळात कोणीतरी रडताना ऐकू येतं, ही तिची यातना. कोण रडतंय? मला माहीत नव्हतं, आणि मला ते माहीत असायची गरज नाही हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. कोणी विचारलं की नवीन माणूस आणायचा. कप्तानाची स्मृती घालवली, कारण पिंकूला लांब वाक्यं पाठ होत नव्हती. अवंतिकेची हरवलेली जुळी बहीण आणली, चार आठवडे तिला दारात उभं ठेवलं आणि मग ते स्वप्न होतं असं सांगितलं. दर रविवारी शेवटच्या मिनिटाला कोणीतरी दार उघडायचं, त्याचा चेहरा दाखवायचा नाही, क्रमशः. आणि लोक चिडायचे का? छे. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे आणि मी सांगितलं नाही की खूश व्हायचे. कोणाला उत्तर नकोच होतं, फक्त पुढचा रविवार पाहिजे होता. माझ्या मुलाची ती आठ सीझनची मंडळी काही वेगळं करत नाहीत. त्यांचं थर्मोकोल महाग आहे इतकंच.

त्या वेळात अण्णा घरी थांबत नसत. रविवारी जेवण लवकर उरकून सायकलवर गावातल्या जुन्या वेधशाळेकडे जायचे आणि सीरियल संपल्यावर यायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही की उन्हात तिथे काय करता. चौदाव्या की पंधराव्या आठवड्यात त्यांना ताप होता, म्हणून ते घरी होते. कार्यक्रम टेप केलेला असायचा, त्यामुळे मीही घरीच. आईने बाफले केले होते, अण्णांसाठी मऊ खिचडी. टीव्हीवर डब्यातून माझा आवाज आला, "मैं दुखी हूँ, कप्तान, मेरी चेष्टा मत कीजिए." अण्णांचा घास हातात थांबला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. ते पाणी प्यायले आणि टीव्हीकडे न बघता म्हणाले, "हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. थट्टेला 'हँसी मत उड़ाइए' असं लिहायचं."

शायर दोस्ताची माझी थाप तिथेच उघडी पडली. आईने बाफला मोडून त्यावर तूप ओतलं आणि ओततच राहिली. गावात कोणाला ते खटकलं नव्हतं, पिंकूला नाही, टिल्लूला नाही. असल्या चुका आमच्याच घरात होत होत्या, आणि त्या ओळखणारा माणूसही आमच्याच घरात होता. थोड्या वेळाने अण्णांनी विचारलं, "कोण रडतंय, ते तुला माहीत आहे का?"

"अजून ठरवलं नाही," मी म्हटलं.

"मग त्या लोकांना कशाला बसवून ठेवलंस?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. खरंच विचारला होता. मी उठून हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. माफी मागावी असं मनात आलं, पण सोमवारी टिल्लूला पुढचा भाग द्यायचा होता.

सीरियल कशी संपली म्हणाल तर संपलीच नाही. टिल्लूने गच्चीवर मोठी डिश लावली, तिच्यावर बाहेरच्या देशांतले कार्यक्रम यायला लागले आणि एका रविवारी आमच्या वेळेला गोऱ्या लोकांची कुस्ती सुरू होती. त्याने मला कळवलंसुद्धा नाही. आदल्या रविवारी अवंतिका म्हणाली होती, "अब मैं जान गई हूँ कि कौन रोता है," आणि क्रमशः. अठरा आठवडे. पिंकूने पावसाळी कोट परत नेला. कॉलेजमधल्या पोरी पंधरा दिवस हळहळल्या आणि मग कँटीनमध्ये जागा धरेनाशा झाल्या.

मग एकदा अण्णा आणि मी फ्रीगंजला भाजी घ्यायला गेलो होतो. एक ओळखीच्या बाई, ज्यांचा पोरगा अण्णांच्या वर्गात होता, मटार निवडता निवडता म्हणाल्या, "मास्साब, एक बात बताइए, उस अवंतिका का आख़िर हुआ क्या? कौन रोता था?" मला वाटलं अण्णा नुसती मान हलवून पुढे जातील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हिंदीत, वर्गात सांगतात तसं, सावकाश सांगितलं. ते रडणं तिचंच होतं. फार वर्षांपूर्वी ती एकदा रडली, तो आवाज दूर कुठेतरी आपटला आणि परत यायला निघाला. तो ऐकून ती पुन्हा रडली, तो आवाजही निघाला. असं चाललं होतं. ज्या दिवशी हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती गप्प झाली. आकाश लगेच गप्प होणार नव्हतं, निघालेले आवाज यायचेच होते, पण आता ते कोणाचे हे तिला माहीत होतं. ती कामाला लागली. इतकंच. दोन मिनिटं लागली असतील. माझा अठरा आठवड्यांचा कचरा शाळेतल्या पोरांकडून त्यांच्या कानावर आलाच असणार, त्यातलं एक काही त्यांनी सोडलं नाही, बहिणीचं स्वप्नसुद्धा त्यात बसलं.

बाई मटार हातात धरून उभ्या. "वाह. ये तो बहुत बढ़िया है. दिखाया क्यों नहीं?"

"मेरी बेटी ने लिखा है," अण्णा म्हणाले आणि पिशवी उचलली.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम बहुत अच्छा लिखती हो. मी "थैंक यू, आंटी" म्हटलं. इतके शब्द होते जगात, मला ते सुचले. पुढे त्यांनी अण्णांना विचारलं की मास्साब, तुमची पण काही सीरियल यायची ना आधी, कसली होती ती? अण्णा म्हणाले, "ऐसे ही, बच्चों की." मला त्या सहाही गोष्टी पाठ होत्या. मी शेजारी उभी राहून कोथिंबीर बघत होते.

त्या दिवाळीला घराची साफसफाई चालली होती. माळ्यावरचं, कपाटातलं, सगळं अंगणात. मी आरशासमोर बसून कॉलेजच्या गॅदरिंगसाठी साडी कशी दिसते ते बघत होते. अण्णा दारात आले. हातात जुनी मासिकं, कसलीशी पुठ्ठ्याची फाईल आणि ती लांबट वही. "यातलं काही पाहिजे का तुला?" त्यांनी विचारलं. मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं, वही ओळखली. म्हटलं, "ठेवा ना अण्णा, नंतर बघते." ते तिथे थोडे थांबले. मी पदराला पिन लावत होते. मग ते म्हणाले, "बरं," आणि गेले.

संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं होतं. रद्दीवाल्याची हातगाडी दुपारीच येऊन गेली, असं आईने सांगितलं. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत मी माहेरी गेले की ते शेजारी खुर्चीत बसलेले असायचे, आणि उरलेल्या एकवीस गोष्टी त्यांच्या डोक्यात असणारच होत्या, नुसतं विचारायचं होतं. सातवं नक्षत्र पुनर्वसू. त्याची गोष्ट काय होती ते मला आजतागायत माहीत नाही.